सारजाबाईची कणगी

माले गावच्या जत्रेत सोंगं निघायची आणि कुशाबाला दरवर्षी काहीतरी अचाट सुचायचं. त्रेसष्ट साली शाळेतल्या गुरुजींनी पेपर वाचून सांगितलं, की आभाळात गेलेला माणूस परत येताना त्याचा डबा हवेनं पेटतो. बाहेरचा थर जळून झडतो, आतला माणूस शाबूत राहतो. झालं! कुशाबानं चावडीवर शब्द देऊन टाकला, "औंदा मी आभाळातनं येनार. पेटत्या कमानीतनं!"

त्याची बायको सारजाबाई. सारवण्या-लिंपण्यात गावात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि बोलण्यातही नव्हतं. तिनं कुशाबालाच सुनावलं,

"शब्द तुमचा, अन् जळायचा माझा नवरा व्हय?"

पण शब्द मोडला तर गाव वर्षभर हसणार, तेही तिला नको होतं. आभाळातला डबा म्हणून तिनं भाताची रिकामी, माणूस मावेल एवढी कणगी काढली आणि माती, शेण, तूस कालवून बाहेरून लिंपली. आम्ही शेजाऱ्यांनी टेकाडावरच्या आंब्यापासून खाली खाचरापर्यंत दोर ताणला, कणगी टांगायला त्यावर विहिरीची कप्पी अडकवली, मधे पेंढ्याची कमान उभारली. धग कुठून आत शिरते ते आधी कळावं म्हणून सारजाबाईनं कणगीत आतून चहूकडे लोण्याचे गोळे चिकटवले, माणसाच्या वजनाचं पोतं ठेवलं आणि कणगी जाळातून सोडली.

कमान विझवून आम्ही खाचरात पोचलो. आत एकही गोळा शिल्लक नाही! कुशाबा मटकन खाली बसला.

"सारजे, मी तर पुरता इतळनार गं!"

तेवढ्यात मागं पाहतो तर शेजारच्या भिवाजीची शेळी उभी, दाढीला लोणी. हसून हसून आमची पोटं दुखली.

दुसऱ्या दिवशी शेळी बांधून पुन्हा तेच केलं. या वेळी पुढच्या बाजूचं, खालचं लोणी तेवढं वितळलं होतं. सारजाबाईनं तिथंच जाड लेप चढवला.

"वरचं जळू दे खुशाल. आत यायची न्हाई धग."

जत्रेच्या दिवशी कमान पेटली. कुशाबानं आंब्याखालून जाळाकडं पाहिलं आणि तो दोन पावलं मागं सरला. भित्रा नव्हता तो, पण आग ती आग. सारजाबाईनं पदर खोचला.

"सरा. लेप म्या लावलाय, मीच बसते."

"नगं, सारजे!" तो ओरडेपर्यंत कणगी सुटली होती.

जाळानं कणगी गिळली. पेटलेली ढेकळं खाली पडली, ढोल थांबले, कुशाबा अनवाणी धावत सुटला. आणि कणगीतून खदखदून हसू आलं! ती बाहेर आली, केसालाही धक्का नाही.

"घाम बी न्हाई आला!"

कुशाबानं भर जत्रेत बायकोचा हात धरला तो सोडेचना. त्या काळी हे जाळातून येण्यापेक्षा धाडसाचं होतं. आम्ही शिट्ट्या मारल्या, म्हाताऱ्यांनी माना फिरवल्या.

जूनमध्ये गुरुजींनी चावडीवर पेपर वाचला, की रशियाची एक बाई आभाळात जाऊन सुखरूप परत आली. सगळे सारजाबाईचं नाव घेऊन ओरडले. कुशाबा मात्र पुढं सरकून बसला.

"तिचं ऱ्हाऊ द्या, गुरुजी. खाली जे वाट बघत उभं व्हतं, त्यांचं काय झालं ते लिव्हलंय का?"