आडवी झालेली बिझनागा

कास्तुलाबाईच्या नाकावर माशी बसलेली मी कधी पाहिली नाही. माशीची बिशादच नव्हती. मी जन्मभर तिची शेजारीण, मधे फक्त एक काटेरी कुंपण, तेव्हा मला माहीत असणारच. पण बिझनागाच्या पाकातल्या वड्या कराव्यात तर तिनेच. लाल काट्यांचं ते पिंपासारखं निवडुंग तासून, त्याचा पांढरा गर पाकात घालून ती असं काही करायची की खाताना माणूस भांडण विसरायचा. आणि कौतुक केल्याशिवाय बाई दुसरी वडी द्यायची नाही हो!

मग सरकारने बिझनागा तोडायला बंदी घातली. खोटं कशाला बोलू, चूक काहीच नव्हतं. भोपळ्याएवढी व्हायला तिला आपली अर्धी हयात लागते, आणि आम्ही सुरा घेऊन मोकळे. गावच्या वडीलधाऱ्यांनी एवढंच ठरवलं, की उभीला हात लावायचा नाही, आपणहून पडली तर घ्यायची. पण पडते कधी? कास्तुलाची कढई थंड झाली. तिची सून रुतिलिया बंदीनंतर घरात आली, तिने वड्या होताना कधी पाहिल्याच नाहीत.

"माझ्याबरोबर वडीपण पुरणार बघ तुम्ही," कास्तुला मला म्हणायची.

"मग सांग की सुनेला कसं करायचं ते."

"सांगून येतं होय? चोना, तुला मी तीनदा सांगितलं. आली तुला?"

नव्हती आली.

तिच्या घरामागच्या उतारावर एक म्हातारी बिझनागा होती, माणसाहून उंच. सगळ्याच बिझनागा उन्हाकडे मान करतात, तशी ही दक्षिणेला कलत कलत गेलेली. त्या वर्षी पाऊस चांगला झाला. बया पोटभर पाणी प्यायली, अंगावरच्या घड्या बाजाच्या पेटीच्या भात्यासारख्या उघडल्या, आणि वजन काही पेललं नाही. मुळं तिची पसरट, खोल कुठे असतात! एके सकाळी धप्प आवाज आला, आणि मागोमाग कास्तुलाची आरोळी, "पडली! चोना, पडली गं!"

नातीचं, रुतिलियाच्या यादिराचं लग्न ईस्टरनंतर ठरलेलं होतं. मी म्हटलं, आत्ताच कापू.

"थांब. ती काय आंबा आहे सडायला? पोटात पाणी आहे, पडल्या पडल्याही ताजी राहील. लग्नाच्या तोंडावर करू, सुनेच्या हाताखाली करून घेऊ. मग मी डोळे मिटायला मोकळी."

त्या हिवाळ्यात कास्तुला माझ्याशी गोड बोलायची. मला तर धास्तीच वाटली.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत आम्ही तिघी हातगाडी आणि सुरा घेऊन उतारावर गेलो. बघतो तर काय, बिझनागा जरा सुकलेली, घड्या आत ओढलेल्या, पण शेंडा वळवून आभाळाकडे केलेला आणि त्याच्याभोवती कळ्यांचं कडं! गोड रसासाठी मुंग्यासुद्धा राखणीला हजर.

"अगंबाई, ही तर नटलीये!" रुतिलिया म्हणाली.

"नटू दे. मलाही केस विंचरूनच पुरा," कास्तुला म्हणाली. "आधी कळ्या काढू. भाजीला होतील, वाया कशाला घालवायच्या?"

चिरलेल्या काठीच्या चिमट्याने ती एकेक कळी उपटायला लागली. खालच्या बाजूच्या काढायला मातीत बसली, काटे चुकवून हात आत घातला, आणि हात तिथेच राहिला. बोटांनी तिने थोडी माती उकरली.

"हिने मुळं सोडलीत," ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. पांढरी, कोवळी मुळं, सरळ मातीत उतरलेली.

"बरं मग?" मी म्हटलं. "खाली कोण बघायला येतंय? वरून पडलेलीच दिसतेय ना?"

ती सुरा मांडीवर घेऊन बसून राहिली. दुसरी कधी पडायची, आणि तोवर कास्तुला असायची का, हे मला कळत होतं आणि तिला माझ्याहून जास्त. तिचे डोळे भरले. जन्मात पहिल्यांदा पाहिले मी ते भरलेले, आणि मला फार वाईट वाटलं.

"तू म्हणतेस ते मला तुझ्याआधी सुचलं, चोना," ती म्हणाली. "पण पडलेली घ्यायची असं ठरलंय. ही पडली होती. आता आडवी राहून जगतेय."

निम्म्या कळ्या तिने फळांसाठी तशाच ठेवल्या. मी असते तर कापली असती, आजही सांगते.

परतताना रिकामी गाडी ढकलत रुतिलिया म्हणाली, "सासूबाई, परसात तो पांढऱ्या गराचा भोपळा आहे ना? त्याच्या करून दाखवा. गर घट्ट राहायला चुना तोच, पाकही तोच."

"भोपळा! माझ्या नावावर भोपळा खपवू?"

"नाव राहू द्या हो. मला शिकवा."

आता इकडचं जग तिकडे होणार म्हणून मी दोन पावलं मागे राहिले. कास्तुला तरातरा पुढे गेली. दारात थांबून म्हणाली, "घरातला चुना कधीचा आहे? जुना चालायचा नाही."

पुढचे काही दिवस कुंपणापलीकडून नुसता आरडाओरडा. "चुन्याच्या निवळीत बुडाला पाहिजे, पोहायला नाही सोडला त्याला! धू. अजून धू. पाक उकळला, उतरव. उद्या परत. घाई करशील तर बाहेरून दगड आणि आतून लगदा!" पण कढईला तिने बोट लावलं नाही. सगळं सुनेकडून करून घेतलं, स्वतः दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

लग्नात लाल मिरचीतलं मटण झालं, कळ्यांची भाजी झाली, आणि वड्या फिरल्या. नवऱ्यामुलाची आजी जुन्या काळातली खवय्यी. तिने वडी तोंडात टाकली आणि डोळेच मिटले.

"कास्तुलाबाई, असं तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही."

सगळं टेबल कास्तुलाकडे बघायला लागलं. ही असलं काही ऐकायला मैलभर चालत जाणारी बाई! तिने घास गिळला. पलीकडे रुतिलिया वाकून कुणाला तरी वाढत होती.

"मी नाही केल्या," कास्तुला म्हणाली. "तिने केल्यात. मी नुसती बसले होते."

आणि सुनेला हाक मारून तिने आपलं ताट पुढे केलं, "मस्त झाल्यात गं. मला अजून एक वाढ."