स्वेटरचं भोक कामाला लागतं

चूक दिसली की रफूवालीचे हात शिवशिवायचे. एकदा ती दवाखान्यात नंबर लावून बसली होती. पुढच्या बाकावरच्या माणसाचं जॅकेट खांद्यामागे विरलं होतं. नंबर पुकारेपर्यंत तिने ते मागच्या मागे रफू करून टाकलं. माणूस आत गेला, तपासून आला, घरी गेला. त्याला अजून पत्ता नाही. निदान तिचा नवरा तरी असंच सांगतो.

काम तिचं तसंच, पत्ता न लागणारं. बापाने शिकवलेलं. कपड्याच्याच आतल्या शिवणीतून दोरा काढायचा. भोकावर उभे धागे ताणायचे, मग त्यांतून आडवे, एक वरून, एक खालून. काम संपलं की भोक कुठे होतं ते गिऱ्हाइकाला बोटाने दाखवावं लागायचं. नाहीतर गिऱ्हाईक विचारायचं, पैसे कसले?

लाँड्रीच्या दुकानात, खिडकीला लागून तिचं टेबल होतं. बावीस वर्षं. काळ्या कोटात काळा धागा भरायचा तर बल्ब कामाचा नाही, दिवसाचा उजेडच लागतो. तो तिला सकाळी दहापासून चारपर्यंत मिळायचा, फुकट.

त्या खिडकीवर आता लाँड्रीवाल्याचा डोळा होता. त्याने वाफेवरचं नवं इस्त्री मशीन घेतलं होतं.

"ताई, राग मानू नका," तो म्हणाला. "तुमच्याकडे आठवड्याला पाच कपडे येतात. मशीनची वाफ बाहेर सोडायला खिडकी लागते. तुमचं टेबल मागे घेऊ, बॉयलरपाशी."

"तिथे मला माझा हात दिसत नाही, भाऊ."

"महिनाभर थांबतो. एका आठवड्यात वीस कपडे आणून दाखवा. खिडकी तुमची. मशीनचं मग मी बघतो."

वीस! तिने घरी येऊन सांगितलं. नवरा बसचा ड्रायव्हर, आता निवृत्त. पेपर खाली न करता म्हणाला, "जाहिरात दे."

"पेपरात?"

"पेपर कोण वाचतं? मी वाचतो. आणि माझा स्वेटर सात वर्षं फाटका आहे. मला जाहिरातीची गरज नाही, बायकोची आहे."

"घरचे कपडे नंतर," ती म्हणाली. हे तिचं सात वर्षांचं उत्तर होतं.

मग भाची आली. ती चपलांच्या एका दुकानाच्या जाहिराती फोनवरून चालवायची. तिने मावशीच्या फोनवर पान उघडून दिलं आणि नकाशा काढला. त्यावर एक गोल होता. आपली जाहिरात त्या गोलातल्या लोकांना दिसणार.

मावशीने गोल बोटाने धरला आणि चौकटीत कापड ताणावं तसा ताणला. गोलात तीन शहरं आणि एक तलाव आला.

"मावशी! फाटका पायजमा घेऊन तलाव ओलांडून कोण येणार आहे? तीन किलोमीटर ठेव. आता सांग, तुझं गिऱ्हाईक कोण?"

"ज्याचं फाटलंय ते."

"असा पर्याय नाही इथे. वय सांग. आवड सांग."

"फाटायला वय लागतं का गं?"

शेवटी भाचीने तीस ते साठ लिहिलं. फोटो मात्र मावशीने निवडला. एक राखाडी कोट. त्याच्या छातीवर सिगारेटने पडलेलं भोक तिने चार दिवस बसून भरलं होतं. तिच्या हातून झालेलं सगळ्यात बारीक काम.

भाची बघत राहिली. "यात काय दिसतंय?"

"कोट."

"भोक कुठे होतं?"

"दिसत नाही ना? तीच तर जाहिरात!"

भाचीला दुकानात जायला उशीर होत होता. तिने बटण दाबलं. फोनवर जाहिरातीखाली दोन शब्द आले: शिकत आहे. मावशीला बरं वाटलं. म्हणजे आपण एकटेच नवीन नाही.

बारा दिवसांत तीन निरोप आले. पहिला: कोट केवढ्याला? दुसरा: एक माप मोठं मिळेल का? तिसरा: निळ्यात दाखवा.

"अभिनंदन," नवरा म्हणाला. "तू कपड्याचं दुकान काढलंस."

तिला हसू आलं नाही. महिन्यातले बारा दिवस गेले होते. लाँड्रीवाल्याने खिडकीची मापंही घेऊन ठेवली होती. टेप तिच्याच डब्यातून मागून घेतली होती, वर.

भाचीने फोन हातात घेतला. वर सरकवला, खाली सरकवला. मग हळूच विचारलं, "मावशी, तू जाहिरातीला हात लावलास का?"

"थोडासा."

"थोडासा म्हणजे?"

"कोट जरा डावीकडे कलला होता, तो सरळ केला. मग 'सुबक'चं 'सुरेख' केलं. ते बरं दिसेना म्हणून पुन्हा 'सुबक'. तीसचं बत्तीस केलं. एवढंच."

"एकोणचाळीस वेळा, मावशी! बारा दिवसांत एकोणचाळीस वेळा!"

"वाईट दिसत होतं म्हणून..."

"अगं, जाहिरात सुरू झाली की ती आधी शिकते. कोणाला दाखवली की थांबतात, कोण बघून पुढे सरकतं. आठवडाभर तरी लागतो तिला. आपण मधेच फोटो, मजकूर, वय बदललं की शिकलेलं सगळं पुसतं. तू तिला रोज उचलून पुन्हा पहिलीत बसवलंस. बारा दिवस ती बाराखडीच गिरवतेय!"

रफूवालीला बाप आठवला. ती नऊ-दहा वर्षांची होती आणि पहिलं रफू चुकत होतं. बाप समोर होता. त्याने दोन्ही तळवे मांडीखाली दाबून धरले होते. ती रडली, तरी त्याने हात बाहेर काढले नाहीत. बाप निर्दयी आहे असं तिला तेव्हा वाटलं होतं. आज चाळीस वर्षांनी तिला कळलं की तो स्वतःच्या हातांवर बसला होता.

"दुसरी जाहिरात करू," ती म्हणाली. "आणि हा कोट नको. लोकांना कोटच दिसतो."

"मग भोक दाखव."

"गिऱ्हाइकाचं भोक चारचौघांत दाखवायचं? आमच्या कामात असं करत नाहीत." यावर ती हटेना. कोणाचं काय फाटलं होतं ते बावीस वर्षांत तिने घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

"मग आणायचं कुठून भोक?"

दोघींनी एकाच वेळी नवऱ्याकडे पाहिलं.

स्वेटर तपकिरी होता. पोटावर कसर लागून रुपयाएवढं भोक पडलेलं. नवऱ्याने आतून अंगठा घालून बाहेर काढला आणि हलवून दाखवला. भाचीने तसाच फोटो घेतला.

खालचा मजकूर मावशीने स्वतः सांगितला. "लिही. कपड्याला पडलेलं भोक घेऊन या. परत मिळणार नाही."

त्याखाली दुकानाचा पत्ता, खिडकीपाशी, दहा ते चार. बस्स. भाचीने बटण दाबलं. शिकत आहे.

लगेच रफूवालीच्या लक्षात आलं की फोटोत अंगठ्याचं नख काळं आहे. तिची बोटं वळवळली. तिने फोन उचलला, बटणांच्या डब्यात टाकला, झाकण लावलं आणि दुसऱ्या दिवशी तो डबा लाँड्रीवाल्यापुढे ठेवला.

"भाऊ, सात दिवस हा तुमच्याकडे. मी मागितला तरी द्यायचा नाही."

"भांडलात तर?"

"तरी."

"रडलात तर?"

"बॉयलरपाशी जाऊन रडेन. उद्या तिथेच बसायचंय तर सवय होईल."

लाँड्रीवाला चपापला. डबा त्याने गल्ल्याशेजारी ठेवला.

पहिले तीन दिवस कोणी नवीन आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने नुसतं नख नीट करायला फोन मागितला, लाँड्रीवाल्याने मान हलवली. तिसऱ्या दिवशी ती खरंच तळव्यांवर बसली होती.

चौथ्या दिवशी एक बाई दारात उभी राहिली. तिने हातातल्या जर्सीतून अंगठा बाहेर काढला आणि हलवला.

"या," रफूवाली म्हणाली.

मग रीघ लागली. शाळेतल्या एक बाई कोपरातून बोट काढत आल्या. एका म्हाताऱ्याने खिशातून दोन काढली. एक जाडजूड गृहस्थ विजारीकडे हात नेऊ लागले, तेव्हा लाँड्रीवाला ओरडला, "साहेब, तुमचं तोंडी सांगा!"

सातव्या दिवशी संध्याकाळी लाँड्रीवाल्याने पावत्या मोजल्या. तेवीस. त्याने पुन्हा मोजल्या. मग वाफेचं मशीन बॉयलरपाशी ढकलायला लागला. पाइप भिंतीतून काढावा लागणार होता. दोन दिवसांचं काम.

डबा त्याने परत दिला. "बटणं सारखी खुळखुळायची, ताई. शेवटी वर इस्त्री ठेवली." मग जरा घुटमळून म्हणाला, "ती तुमची जाहिरात... लाँड्रीची पण होते का?"

"होते. पण हात लावायचा नाही, सांगून ठेवते."

ती पुढच्या कपड्याला चिठ्ठी लावत होती, तेवढ्यात रांगेच्या शेवटी कोणीतरी खाकरलं. वर पाहिलं तर नवरा. अंगात तोच तपकिरी स्वेटर. नख घासूनपुसून स्वच्छ.

"तुम्ही इथे कशाला?"

"जाहिरात बघून आलो." त्याने अंगठा बाहेर काढून हलवला. "भोक आणलंय. परत नको."

रांगेतले लोक हसायला लागले. त्यांनी अंगठा ओळखला होता.

रफूवालीने स्वेटर ओढून उजेडात धरला. बोट भोकाच्या कडेने फिरवलं. सैल धागे, सोपं काम, अर्ध्या तासाचं. तिचे हात शिवशिवले. मग तिने स्वेटर सोडला आणि दोन्ही तळवे मांडीखाली घातले.

"नाही," ती म्हणाली. "ते भोक सध्या कामावर आहे. घरी जा, आणि सांभाळून काढून ठेवा. वाढवू नका."