लिऑनमधली वजडी

फ्रान्समधल्या लिऑन शहरात मी अडीच महिने राहिलो, तो कारखान्याच्या खर्चाने. नाशिकच्या सातपूरला मी फिटर होतो. तिकडून आमच्याकडे एक मशीन येणार होतं आणि ते शिकून घ्यायला मला आणि एका इंजिनिअरला पाठवलं होतं. ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. इंजिनिअर शाकाहारी, तो खोलीवर भात शिजवायचा. भत्ता बेताचा होता, म्हणून मी पाव, अंडी आणि उकडलेल्या बटाट्यांवर दिवस काढत होतो.

तिथे मला शिकवणारा म्हातारा मेकॅनिक रोज माझा डबा बघायचा. एके दिवशी त्याने तो सरळ बंद केला आणि मला हाताला धरून नदीजवळच्या एका खानावळीत नेलं. या खानावळीचं नाव मी ऐकलं होतं. संध्याकाळी तिथे जेवायला लांबलांबून लोक यायचे, आधी जागा राखून ठेवावी लागायची. मी दारातच थबकलो. म्हाताऱ्याने मोडक्या इंग्रजीत समजावलं, "रात्री साहेबलोक. दुपारी आपण. स्वयंपाकघर एकच."

खरंच, आत सगळे कामगार होते. दुपारचं जेवण ठरलेलं, किंमत स्टेशनवरच्या सँडविचपेक्षा थोडीच जास्त. ताटली समोर आली. कांद्यावर परतलेल्या पांढुरक्या पट्ट्या, वर हिरवं काहीतरी चिरून घातलेलं. एका पट्टीवर मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसली आणि माझा हात थांबला. "हे काय?" मी विचारलं. म्हाताऱ्याने स्वतःच्या पोटावर थाप मारली आणि गायीसारखा हंबरला. आजूबाजूचे हसले. मला हसू आलं नाही.

ही वजडी होती.

माझी आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो आणि ताई तेरा. वडील नाशिक रोडच्या मालधक्क्यावर हमाली करायचे. ताईने शाळा सोडली आणि देवळाली कॅम्पात अधिकाऱ्यांच्या बंगल्यांवर भांडी घासायला लागली. रविवारी येताना ती कॅम्पाच्या बाजारातून बोकडाची वजडी आणायची, कारण मटण परवडायचं नाही. गरम पाणी आणि चुना लावून ती तासभर खरवडत बसायची. मग कांदा, सुकं खोबरं, काळा मसाला. चुलीवर ठेवायच्या आधी मात्र दार लावून घ्यायची. "वास गेला की लोक नावं ठेवत्यात," म्हणायची.

मला नोकरी लागली तोवर वडीलही गेले होते आणि ताईचं लग्न राहूनच गेलं होतं. आम्ही दोघं कारकून-शिक्षकांच्या एका कॉलनीत राहायला गेलो. पहिल्याच रविवारी तिने वजडी केली. शेजारच्या बाईंनी जिन्यात नाकाला पदर लावून विचारलं, "तुमच्याकडे काय शिजतंय हो?" मी आत येऊन ताईला म्हणालो, "हे आता इथे नको. शोभत नाही."

"बरं," ती म्हणाली. तिने पातेलं उतरवलं. त्यानंतर आमच्या घरात वजडी शिजली नाही, आणि मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

लिऑनमध्ये मी ती ताटली पुसून खाल्ली. त्या रविवारी ताईला लांबलचक पत्र लिहिलं. इथे या पदार्थासाठी लोक पैसे मोजतात, आधी जागा राखून ठेवतात, मी आलो की तू पुन्हा कर. तिचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. वाकड्या अक्षरांत चारच ओळी. शेवटची होती : "तिकडं लोक दार लावून खात्यात का उघडं ठेवून?"

आजारपणाचा त्यात एक शब्द नव्हता.

मी परतलो तेव्हा ती बुद्धाच्या तसबिरीखाली खाटेवर पडलेली होती. डोळे पिवळे, अंगावर मांस नाही. यकृताचा आजार फार पुढे गेलाय, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. शेजारच्या त्याच बाई तिला दोन्ही वेळा पेज करून आणत होत्या. "कळवू नका, त्याचं शिक्षण मोडंल, असं त्यांनी शपथ घालून सांगितलं होतं," बाई म्हणाल्या.

रविवारी मी कॅम्पातून वजडी आणली. ताई खाटेवरून सांगत होती आणि मी करत होतो. "चुना लय नको. आता उलटून घे. अजून खरवड, अजून." दुपार झाली. मी वाटीत रस्सा नेला. तिने दोन चमचे घेतले, तिसरा तोंडातून ओघळला.

"मीठ कमी पडलं," ती म्हणाली.

मी तिचं तोंड पुसलं. "ताई, तेव्हा मी तुला नको म्हणालो, ते चुकलं माझं."

"कवा?" तिने विचारलं. "मला नाय आठवत." आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्याच आठवड्यात ती गेली. ती खरंच विसरली होती, की मला मोकळं करत होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.