मिश्रीचा तवा आणि स्वातीचं नाक

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "क्रॉनिक सायनुसायटिस." माझी स्वाती तेव्हा आठ वर्षांची होती. सायनस म्हणजे नाकाच्या आजूबाजूच्या हाडांतल्या पोकळ्या. तिच्या गालांमागच्या पोकळ्या पू साचून पांढऱ्या दिसत होत्या. चेहऱ्याचं हाड आतून रिकामं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी नवलाने बघतच राहिले.

"गोळ्यांचा कोर्स पुरा करा. सुट्टीनंतर पुन्हा फोटो काढू. असाच निघाला तर अँट्रल वॉश." म्हणजे भूल देऊन, नाकातून सुई घालून ती पोकळी धुवायची. स्वातीने माझा पदर घट्ट धरला.

"घरात कुणी विडी-सिगारेट ओढतं?"

"कुणीही नाही," मी ठणकावून सांगितलं.

साताऱ्याहून उंब्रजला घरी आलो. घरचे उपाय डॉक्टरांना विचारूनच चालू ठेवले. उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुणं, ओव्याची गरम पुरचुंडी हुंगणं, रात्री हळदीचं दूध. वाफ देताना पातेलं मी स्वतः धरायचे. मुलांच्या हाती उकळतं पाणी देऊ नका. आणि डोळ्याभोवती सूज आली किंवा ताप चढला, तर ओव्याच्या भरवशावर बसू नका, दवाखाना गाठा.

गोळ्यांनी बरं वाटायचं, त्या संपल्या की नाक पुन्हा बंद. वास तर तिला कसलाच यायचा नाही.

मे महिन्यात तिला सांगलीला माझ्या बहिणीकडे पाठवलं. उपाय तेच, मीठही तेच. बहिणीचा फोन आला, "अगं, पोरगी तोंड मिटून झोपते!" मला वाटलं, हवापालट मानवला.

परत आली ती सकाळची वेळ होती. उंबऱ्यातच थांबली आणि नाक दाबून म्हणाली, "शी! आई, कसली घाण येतीय?"

आत सासूबाई नेहमीप्रमाणे चुलीवर तंबाखू भाजत होत्या. दात घासायची मिश्री. त्या आधी हरखल्या. "आगं, पोरीला वास यायला लागला की!" मग त्यांनी तव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी त्याच चुलीपाशी रोज सकाळी स्वातीला वाफ देत होते.

"म्हंजे ह्योच व्हय गं?" एवढंच म्हणाल्या. सांडशीने तवा उचलला आणि गोठ्यामागे गेल्या. पुन्हा तो तवा घरात आला नाही.

दुसऱ्या एक्स-रेत गालांमागच्या पोकळ्या काळ्याभोर दिसल्या. काळं म्हणजे हवा.

"ऑपरेशन नको," डॉक्टर म्हणाले. मी मिश्रीचं सांगितलं. "मग तंबाखूच्या धुराचं विचारलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"आमच्याकडे मिश्रीला कुणी धूर म्हणत नाही, डॉक्टर."

ते हसले. "औषधांनी काम केलंच. पण तो धूर रोज नाकाला सुजवत होता." तुमच्या घरातही असा सवयीचा धूर असेल, तर तो आधी शोधा.

त्या संध्याकाळी स्वाती स्वयंपाकघरात डोळे मिटून उभी राहिली. मी मसाल्याचा एकेक डबा उघडून तिच्या नाकापुढे धरत होते. धणे, लवंग, खोबरं. मेथीपाशी ती अडली, पुन्हा हुंगून म्हणाली, "हा कुठला? हा मला माहीतच नाही."

घरातले सगळे डबे उघडून झाले. त्या दिवशी जेवायला उशीर झाला.