तीन घरांचं साटंलोटं

आमच्या उर्फा शहरात छातीनं लोकरीचा नमदा रेटणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांत पहिला माझा धाकटा भाऊ बेकिर. त्याला शिकवला मी. बाजारात कुणालाही विचारा. हमामाच्या वाफेत ओली लोकर गुंडाळायची आणि उघड्या छातीनं रेटत राहायची, तेव्हा कुठं मेंढपाळाचा झगा होतो. बेकिरच्या झग्याची कड माझ्यापेक्षा सरळ यायची, एवढं मी कबूल करतो.

बोलायचा कमी. पाय सुजले तरी चार महिने बोलला नाही. शेवटी त्याची बायको झेलिहा माझ्याकडं आली, तेव्हा मी त्याला धरून दवाखान्यात नेला. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा मशीनवर झोपायचं, आणि हमाम बंद.

मी म्हटलं, माझी घ्या. बावन्न वर्षांचा आहे, पण अजून अख्खा मेंढा खांद्यावर टाकून जिना चढतो. तर रक्त जुळेना. सख्ख्या भावाचं जुळत नाही म्हणजे काय? मी दोनदा तपासायला लावलं. दोनदा नाहीच.

मग निलगुन डॉक्टरीणबाईंनी कागद घेतला. ठिपके काढले. एकेक ठिपका म्हणजे एक आजारी आणि त्याला किडनी द्यायला तयार असलेलं, पण न जुळणारं त्याचं माणूस. ज्याची किडनी ज्याला चालेल तिकडं बाण. म्हणाल्या, असे शेकडो ठिपके कॉम्प्युटरात आहेत, आणि बाणाबाणानं जाऊन पहिल्याच ठिपक्यावर परत येणारं कडं तो शोधतो. आमचं सापडलं होतं. माझी किडनी आदियामान गावच्या एका बाईला, तिच्या भावाची तिसऱ्या घरातल्या माणसाला, आणि त्या माणसाच्या बायकोची बेकिरला. तिघांचं ऑपरेशन एकाच दिवशी. एक बाण तुटला की तिन्ही घरं गेली.

मी सातवी शिकलेला, पण बाईंच्या आधी मला कळलं. "बाई, हे तर साटंलोटं. आमच्याकडं दोन घरं मुली देतात-घेतात, एकीनं नवरा सोडला तर दुसरीलाही माहेरी यावं लागतं."

बाई हसल्या. म्हणाल्या, तसंच समजा, पण इथं कोण कुणाला देतंय ते कुणी विचारायचं नाही.

आता सांगा, असं साटंलोटं कुठं असतं? आमच्यात थोरल्यानं समोरच्या उंबऱ्यावर जाऊन मान द्यायचा असतो. चोरून घेतलं तर ते घेणं नव्हे, पळवणं. आणि थोरला मी.

तपासणीच्या दिवशी रांगेत एक पिवळा पडलेला माणूस आणि त्याची बायको होती. मी चहा पाजला की मुकासुद्धा बोलतो. माणसाचं नाव सेफेर, बायकोचं गुलसुन, सिवेरेकचे. तिचा रक्तगट ऐकला आणि मी ओळखलं, बेकिरला देणारी ती हीच.

त्यांच्या घरी जातो असं बेकिरला सांगितलं तर तो म्हणाला, "दादा, नको जाऊस. त्यांनी बोलावलंय का?" मी म्हटलं, मान द्यायला बोलावणं लागत नाही.

पुढच्या शुक्रवारी सिवेरेकला त्यांच्या घरी निघालो. शिंगं रंगवलेला मेंढा आणि आमच्या आळीतले तीन म्हातारे घेतले. दार गुलसुनच्या बापानं उघडलं. जावयाला बघायला आला होता, दोन्ही मुलगे बरोबर. मी छातीवर हात ठेवला आणि चांगला खणखणीत बोललो, की तुमच्या लेकीच्या देहाचा तुकडा माझ्या भावाला मिळणार, आजपासून ती आमची बहीण.

म्हाताऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं माहेरी सांगितलंच नव्हतं.

तो ओरडलासुद्धा नाही. लेकीकडं वळून म्हणाला, "परक्या बाप्याच्या पोटात?" गुलसुन म्हणाली, "बाबा, नवरा वाचतोय माझा." तो म्हणाला, "चप्पल घाल." सेफेर भिंतीला धरून उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. भावांनी तिला गाडीत बसवलं.

आठ दिवसांनी हॉस्पिटलातून कळलं, कडं मोडलं.

मी बेकिरला सगळं सांगितलं. खोटं माझ्या तोंडून निघत नाही. तो मशीनवर होता, हातात सुया. नळीकडं बघत म्हणाला, "मेंढा तरी परत आणलास का?"

नव्हता आणला.

कॉम्प्युटरनं पुन्हा शोधलं, तीनदा. कडं जुळेना. हिवाळ्यात बेकिरच्या फुप्फुसात पाणी झालं आणि तो गेला. जनाजा मी पुढं राहून उचलला, खांदा बदलू दिला नाही.

त्याचा चाळीसावा दिवस झाल्यावर मी डॉक्टरीणबाईंकडं गेलो. म्हटलं, माझी किडनी त्या आदियामानच्या बाईला द्या, मग तिचा भाऊ सेफेरला देईल. बदल्यात मला काही नको.

बाई म्हणाल्या, "नाही चालत. तुम्ही बेकिरबरोबर यादीत होतात. परक्याला नुसतं देता येत नाही, कायदा आहे. त्याचं नाव काढलं तेव्हा तुमचंही निघालं."

मी म्हटलं, एकदा तपासून तर बघा. त्यांनी माझ्यापुढं पाण्याचा पेला ठेवला. बाहेर रांग होती, त्यांना पुढचं नाव पुकारायचं होतं.

किडनी चांगली आहे. दोन्ही चांगल्या आहेत.