जोगळेकरांचं ॲडिशनल कार्ड

स्क्रीनवर लाल पट्टी आली आणि तिच्याखाली तीन ओळी. साल्झबर्ग, ऑस्ट्रिया. आधी एका फार्मसीत खरेदी, मग कॅश मशीनवर दोनदा चुकीचा पिन, मग एका हॉटेलात पेमेंटचा प्रयत्न. सगळं एकाच सकाळी. सिस्टिमने कार्ड आपोआप ब्लॉक केलं होतं. पुढचं काम माझं.

मी तेव्हा लंडनबाहेरच्या एका बिझनेस पार्कमध्ये, एका बँकेच्या कार्ड फ्रॉड विभागात होते. एजवेअरहून बस, मग ट्रेन, मग दहा मिनिटं चालत. चिप अँड पिन नुकतंच आलं होतं. त्याआधी दुकानात पावतीवर सही केली की झालं. आता मशीनवर चार आकडे दाबायला लागायचे. वयस्कर माणसांची त्यात तारांबळ उडायची. आमचं काम ऐकायला सोपं होतं. कुणाच्या नेहमीच्या खर्चापेक्षा काही वेगळं दिसलं की फोन करून विचारायचं, हे तुम्हीच का? हो म्हणाले तर ब्लॉक काढायचा. नाही म्हणाले तर कार्ड रद्द.

हे कार्ड वर्षानुवर्षं जवळजवळ पडूनच होतं. कधीतरी इल्फर्डमधलं पेट्रोल, एखादं पुस्तकांचं दुकान. असं कार्ड अचानक परदेशात तीन ठिकाणी वापरलं जातं तेव्हा ते बहुतेक वेळा चोरीला गेलेलं असतं. मी घरचा नंबर लावला. कुणी उचलला नाही. मग मोबाइल लावला.

“मिस्टर जोगळेकर?”

पलीकडून आवाज आला, “हो, जोगळेकर. ‘ळ’ नीट म्हटलात तुम्ही. मराठी का?”

“येस सर. पण हा कॉल रेकॉर्ड होतोय, मला इंग्लिशमध्येच बोलावं लागेल.”

तसा नियमच होता. क्वालिटीवाले अधूनमधून आमचे कॉल काढून ऐकायचे आणि मार्क द्यायचे. त्यांना कळायला हवं.

जोगळेकरांनी सिक्युरिटीचे प्रश्न व्यवस्थित पार केले. जन्मतारीख, पोस्टकोड, पत्त्याची पहिली ओळ. शांत, नीटस इंग्लिश. कौन्सिलच्या लायब्ररीत नोकरी करून रिटायर झालेले, हे फॉर्मवर दिसत होतं. फार्मसीतली खरेदी तुमचीच? हो, तिथे सहीवर भागलं. कॅश मशीन? हो. पिन मात्र आठवत नाही, तो मिसेसच्या डायरीत असतो. हॉटेल? हो, तिथेच उभा आहे काउंटरवर.

आता हे कार्ड कसलं ते सांगायला हवं. क्रेडिट कार्डाचं अकाउंट त्यांच्या पत्नीच्या नावावर होतं, डॉ. निर्मला जोगळेकर, इल्फर्डच्या जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. जोगळेकरांचं ते ॲडिशनल कार्ड. म्हणजे कार्डावर नाव त्यांचं, पण खातं बाईंचं. बाईंनी परवानगी दिली म्हणून ते चालतं. ऑस्ट्रियाला जातोय हे बाईंनी निघण्याआधी फोन करून बँकेला सांगितलंही होतं. आमच्या माणसाने ती नोंद फक्त त्यांच्या कार्डावर केली, नवऱ्याच्या कार्डावर करायची राहून गेली. त्यामुळे सिस्टिमला जोगळेकर चोर वाटले.

म्हणजे चूक आमची. ब्लॉक काढायला एक क्लिक पुरे होतं. फक्त मुख्य कार्डधारक जवळ असतील तर त्यांच्याशी दोन शब्द बोलून घ्यायची पद्धत होती. मी विचारलं, “डॉक्टर जोगळेकर तिथे आहेत का, सर? एक मिनिट बोलता येईल?”

ते मराठीत म्हणाले, “ती नाही हो. आज पहाटे गेली. हार्टचं झालं. हॉस्पिटलातच आहे अजून, खाली ठेवलंय तिला. मला इथलं भरून तिकडे जायचंय, आणि कार्ड चालत नाहीये.”

मला सगळं समजलं. एकेक शब्द समजला. आणि मी ते वाक्य म्हटलं जे मी दिवसातून कितीतरी वेळा म्हणायचे, कधी पंजाबी ऐकून, कधी पोलिश ऐकून. “सॉरी सर, हेच इंग्लिशमध्ये सांगाल का, प्लीज? रेकॉर्डिंगसाठी.”

त्यांनी सांगितलं. “माय वाइफ पास्ड अवे धिस मॉर्निंग.”

मी म्हटलं, आय ॲम व्हेरी सॉरी. कॉल होल्डवर टाकला आणि मॅनेजरकडे गेले.

केव्हिन वाईट माणूस नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि डोळे चोळले. “मुख्य कार्डधारक गेला की खातं बंद. ॲडिशनल कार्डं त्याच क्षणी बंद. तुला माहितीये.”

“माहितीये. पण ते परदेशात आहेत. एक दिवस चालू ठेवता येणार नाही का? हॉटेल आणि विमान, एवढंच.”

“कुणाच्या नावावर? आता तो खर्च कुणाचा?”

“ब्लॉकची चूक आपली आहे, केव्हिन.”

“चूक आपली आहे. पण ती गेली हे आता आपल्याला माहीत झालंय. माहीत नसतं तर गोष्ट वेगळी होती. त्यांना कॉन्सुलेटचा नंबर दे.”

मी परत येऊन जोगळेकरांना सांगितलं. कार्ड सुरू होणार नाही, आणि का ते. त्यांनी विचारलं, “म्हणजे मी हे सांगितलं नसतं, तर चाललं असतं?”

“आय कान्ट ॲडव्हाइज ऑन दॅट, सर,” मी म्हटलं. मग मला राहवलं नाही. मराठीत विचारलं, “काका, दुसरं कुठलं कार्ड आहे का तुमच्याकडे? कुणी आहे का तुमचं?”

“कार्डांचं सगळं तीच बघायची. मुलगी आहे बर्मिंगहॅमला. तिचे दिवस भरत आलेत. तिला फोनवर नव्हतं सांगायचं मला. घरी जाऊन, समोर बसून सांगणार होतो.” मग म्हणाले, “बरं. ठेवतो. तुमचा वेळ घेतला.”

मी कॉन्सुलेटचा नंबर सांगायला लागले तोवर फोन बंद झाला होता. पुन्हा लावला तर एंगेज्ड.

मी खात्यावर डिसीज्ड, म्हणजे खातेदार मृत, असा मार्कर लावला. एका यादीतून एक शब्द निवडायचा आणि ओके दाबायचं. त्यांच्या कार्डाची ओळ करडी झाली.

लंच ब्रेकमध्ये मी कार पार्कमध्ये जाऊन उभी राहिले. हॉटेलचं नाव मला पाठ झालं होतं. डिरेक्टरी एन्क्वायरीला नंबर विचारून तिथे फोन लावता आला असता, बिलासाठी माझ्या कार्डाचा नंबर सांगता आला असता. कस्टमरची माहिती स्वतःसाठी वापरली की त्याच दिवशी नोकरी जाते, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं असतं. माझ्यादेखत दोघांना सिक्युरिटीने बाहेर नेलं होतं. मी मोबाइल हातात धरून उभी होते. सँडविच खाल्लं नाही. वेळ संपल्यावर आत गेले आणि पुढचा कॉल घेतला.

दीड-दोन महिन्यांनी मुलीची तक्रार आली. दोन पानी पत्र, इंग्लिशमध्ये, अगदी संयमाने लिहिलेलं. दरम्यान तिला मुलगा झाला होता. तिने लिहिलं होतं की बाबांनी फोन केला तेव्हा ती बाळाचे कपडे धुवून वाळत घालत होती. बाबा म्हणाले, तुझ्या क्रेडिट कार्डाचा नंबर सांग. ती हसली. म्हणाली, का, आईने सगळे पैसे उडवले वाटतं तिकडे? तेव्हा त्यांना सांगावं लागलं. ‘आई गेल्याचं मला कळलं तेव्हा मी तिची थट्टा करत होते,’ असं तिने लिहिलं होतं. ‘मला भरपाई नको. माझे वडील खरं बोलले म्हणून त्यांचं कार्ड बंद झालं, हे तुमच्यातल्या कुणीतरी लिहून द्यावं.’

केव्हिनने मला छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावलं आणि कॉलचं रेकॉर्डिंग लावलं. स्वतःचा आवाज ऐकायला कुणालाच आवडत नाही. माझा फार प्रोफेशनल होता. मराठी वाक्यापाशी क्वालिटीवाल्यांनी कागदावर लिहिलं होतं, परकी भाषा, अर्थ लागत नाही.

केव्हिनने टेप थांबवली. “इथे काय म्हणाला तो?”

मी सांगितलं.

“म्हणजे हे तू त्याला इंग्लिशमध्ये सांगायला लावेपर्यंत फक्त तुला माहीत होतं.”

“हो.”

“ते मला कधीच कळलं नसतं,” केव्हिन म्हणाला. त्याच्या बोलण्यात ठपका नव्हता. तो नुसता हिशोब जुळवत होता.

बँकेचं उत्तर गेलं. ब्लॉकच्या नोंदीबद्दल दिलगिरी, कार्ड बंद करण्याबाबत नियमाप्रमाणे कारवाई, सोबत फुलं. फुलं परत आली. तिने मागितलेलं वाक्य कुणी लिहून दिलं नाही. मीही नाही. माझ्या कॉलला क्वालिटीने जवळजवळ पूर्ण मार्क दिले. कापले ते फक्त ‘काका’ असलेल्या वाक्याचे, कारण ते इंग्लिशमध्ये नव्हतं.

त्या विभागात मी आणखी चार वर्षं होते. परदेशात जाताना कार्डाचं काय करावं, असं ओळखीचे लोक विचारतात. मी एकच सांगते. नवराबायको दोघांनी आपापल्या नावाचं, स्वतः अर्ज करून घेतलेलं कार्ड ठेवा. ॲडिशनल कार्ड दिसायला अगदी तसंच असतं, पण ते तुमचं नसतं. आणि पिन ज्याचा त्याने पाठ करावा.

तक्रारीचं उत्तर गेलं त्या आठवड्यातल्या शनिवारी मी घरी नव्या कार्डाचा फॉर्म आणला. आमच्याकडेही खातं माझ्याच नावावर होतं. नवऱ्याने चष्मा लावून वाचला आणि म्हणाला, “माझ्याकडे आहे की कार्ड. हे दुसरं कशाला?”

“ते माझं आहे,” मी म्हटलं. “तुला तुझं लागेल.”

“कधी?”

मी पेन दिलं. त्याने पुन्हा विचारलं नाही, सही केली.