पिनरचे प्रॉम्प्टर

पडदा वर जातो. लंडनच्या पिनर उपनगरातल्या एका सेमी-डिटॅच्ड घराची पुढची खोली. सन २००६, रविवारची दुपार. भिंतीला लागून दोन रांगांत बारा घडीच्या खुर्च्या, पाठीवर आमच्या मराठी नाट्यमंडळाचं नाव. एकीवरही कोणी बसलेलं नाही. समोर डायनिंग टेबलाशी तेहतीस वर्षांचा नील उभा आहे, त्याच्या घोट्याला कोर्टाने जामिनावर सोडताना लावलेला इलेक्ट्रॉनिक टॅग. आणि सोफ्यामागे, बुटक्या स्टुलावर, मांडीवर वही घेऊन बसलेले त्याचे वडील, यशोधन गुप्ते.

सोफ्यामागची जागा त्यांनी आपणहून घेतली होती. मंडळाच्या प्रत्येक नाटकाला यशोधनराव विंगेत असत. मी भारतात अठ्ठावीस वर्षं व्यावसायिक रंगभूमीवर काढून मुलीकडे वॉटफर्डला आले, पण असा प्रॉम्प्टर मला तिकडेही मिळाला नव्हता. नट अडला की ते मनात तीन आकडे मोजत. तेवढ्यात आठवलं तर ओळ नटाची, नाहीतर ती यांच्या ओठांवरून यायची. पहिल्या रांगेलाही पत्ता लागत नसे.

पोटापाण्यासाठी ते सिक्स्थ फॉर्म कॉलेजात, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीला, राज्यशास्त्र शिकवत. अमेरिकेची राज्यघटना हा त्यांचा जीव. तीन मुलांना गोलात उभं करायचे: एक राष्ट्राध्यक्ष, एक काँग्रेस, एक न्यायालय. प्रत्येकाने शेजाऱ्याची बाही धरायची. मग म्हणायचे, ‘‘आता पळून दाखवा!’’ कोणालाच पळता यायचं नाही. ‘‘माणसांवर विश्वास न ठेवता माणसांसाठी बांधलेलं घर आहे ते,’’ असं मला शंभरदा तरी सांगितलं असेल.

नील स्लाऊच्या एका छोट्या कंपनीत विमानांचे सुटे भाग परदेशी पाठवायचं काम बघायचा. अमेरिकन बनावटीचा एक माल तुर्कस्तानातल्या गिऱ्हाइकाकडे गेला आणि तिथून अमेरिकेची बंदी असलेल्या देशात. कागदावर सही नीलची. माल पुढे कुठे जाणार हे त्याला माहीत नव्हतं, असं तो म्हणायचा. माझा त्याच्यावर विश्वास होता, आजही आहे. पण टेक्सासच्या सरकारी वकिलांनी त्याला मागितलं, आणि प्रत्यार्पणाच्या नव्या कायद्याप्रमाणे इथल्या कोर्टापुढे पुरावा मांडायचीही त्यांना गरज नव्हती.

यशोधनराव बॅरिस्टरकडे फोटोकॉपी घेऊन गेले. अमेरिकेने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात इंग्लंडच्या राजाविरुद्ध जी तक्रारींची यादी लिहिली होती, तिच्यात दोन तक्रारी त्यांनी अधोरेखित केल्या होत्या. तू आम्हाला ज्युरीपासून वंचित ठेवतोस, ही एक. आणि खोट्या आरोपांसाठी आम्हाला समुद्रापार नेऊन खटले चालवतोस, ही दुसरी.

‘‘त्यांचा देशच या वाक्यातून जन्मला,’’ ते म्हणाले. ‘‘हे जज्जना दाखवा.’’

बॅरिस्टर सभ्यपणे म्हणाला, ‘‘मिस्टर गुप्ते, कोर्ट म्हणजे क्लासरूम नाही.’’

कोर्टात हरले. अपिलात हरले. मग त्यांनी उरलेली तक्रार धरून ठेवली. ‘‘समुद्रापार नेतायत, नेऊ देत. ज्युरी तर आहे! बारा साधी माणसं. पोस्टमन, नर्स, दुकानदार. ती नीलच्या तोंडाकडे बघतील.’’

म्हणून त्या खुर्च्या. दर रविवारी तालीम. सरकारी वकील मी.

‘‘मिस्टर गुप्ते,’’ मी टेबलावर हात आपटून विचारायचे, ‘‘सही करताना तुम्ही डोळे मिटले होते का?’’

‘‘मावशी, तू too scary आहेस,’’ नील म्हणायचा. ‘‘आणि ती सात नंबरचा खुर्ची already माझ्यावर चिडलाय.’’

‘‘तिला तुझ्या बाजूला वळव,’’ सोफ्यामागून आवाज यायचा. ‘‘तिच्याकडे बघून बोल. पुन्हा.’’

त्याची आई सुहासिनी चहा घेऊन यायची आणि त्या खुर्च्यांच्या पुढून जाताना नकळत अंग चोरायची, जणू खरोखरच कोणी बसलंय.

२००७च्या उन्हाळ्यात त्याला नेलं. तिकडे जामीन मिळाला नाही. अकरा महिन्यांनी त्याचा फोन आला. खटला लढवून हरला तर वीस वर्षं, गुन्हा कबूल केला तर तीस महिने.

‘‘पण तू केलेलं नाहीस!’’

‘‘नाही केलं, बाबा. इथे सगळे sign करतात. जेलच्या माझ्या विंगमध्ये एकालाही ज्युरी दिसला नाही.’’ मग त्याने विचारलं, ‘‘वीस वर्षांनी आई असेल का?’’

यशोधनराव एकटेच टेक्सासला गेले. परत आल्यावर त्यांनी मला जे सांगितलं, ते पुन्हा कोणाला सांगितलं नसावं.

‘‘ज्युरीची जागा होती हो, सुलक्षणाबाई. चामड्याच्या खुर्च्या, पुसून लख्ख. रिकाम्या. जज्जने नीलला विचारलं, ही कबुली द्यायला तुझ्यावर कोणी दबाव आणला का? ‘नाही’ म्हटलं तरच सौदा टिकणार होता. नील गप्प. वळून माझ्याकडे बघितलं त्याने. मी मोजले. एक, दोन, तीन.’’

मोजलेली तीन बोटं त्यांनी मिटली.

‘‘आणि ओळ दिली. नुसते ओठ हलवले. ‘नो, सर.’ त्याने उचलली. कोणाला पत्ता लागला नाही.’’

त्या वर्षी मंडळाच्या नाटकाला ते आले नाहीत. घटनेची पुस्तकं त्यांनी ऑक्सफॅमच्या धर्मादाय दुकानात देऊन टाकली. बोलणं कमी होत गेलं, जेवणही. सुहासिनी म्हणायची, ‘‘अहो, निदान त्याच्या फोनला तरी या.’’ ते उठून फोनपर्यंत यायचे, नीलचा आवाज ऐकायचे आणि रिसीव्हर तिच्या हातात द्यायचे. मी माझ्या परीने सगळं करून पाहिलं. जुन्या नाटकांतले उतारे म्हणून दाखवायचे, मुद्दाम मधेच अडायचे आणि त्यांच्याकडे बघायचे. पूर्वी त्यांना राहवलं नसतं. आता ते खिडकीबाहेर बघत राहायचे आणि माझी ओळ तशीच लोंबकळत राहायची.

फेब्रुवारी २००९मध्ये ते झोपेत गेले. नीलची सुटका अजून लांब होती. अंत्यविधीला त्याला येता आलं नाही.

ते जाण्याच्या दोन दिवस आधी मी त्यांच्याकडे गेले होते. खुर्च्या भिंतीशी तशाच, दोन रांगांत. मी कोट चढवून दाराशी पोचले, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, तो विंगेतला, हळू पण स्वच्छ.

‘‘सुलक्षणाबाई, जावयाला गाडी घेऊन पाठवा. मंडळाला खुर्च्या लागत असतील. बाराच्या बारा आहेत, मोजून घ्या म्हणावं.’’